वाचकांचे प्रश्न : ड्रमसेटसाठी राखलेला पैसा कशात घालावा?

प्रश्न : माझा दहा वर्षांचा मुलगा आठ महिन्यांपासून ड्रम शिकतो आहे. क्लासमध्ये पूर्ण सेट आहे. घरी तो रबरी प्रॅक्टिस पॅडवर सराव करतो. आम्ही इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. दुकानदाराने तीन पर्याय सांगितले आहेत : १८ हजारांचा पाच ड्रमांचा सेट, ४८ हजारांचा एका जपानी कंपनीचा सेट आणि ३८ हजारांचा, जाळीच्या पॅडचा इलेक्ट्रॉनिक सेट. पहिले दोन तर मला दिसायला सारखेच वाटतात. ३० हजारांचा फरक नेमका कशाचा असतो? आम्ही कोणता घ्यावा?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दिसायला ते सारखे असतात, हे आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि नव्या ग्राहकाची फसगत होते ती याच कारणाने. चकचकीत वेष्टण आणि क्रोमचा मुलामा स्वस्तातल्या सेटलाही देता येतो. फरक असतो तो हाताला, पायाला आणि कानाला जाणवणाऱ्या गोष्टींत.

१८ हजारांच्या सेटमध्ये पाच ड्रम, सिंबल म्हणजे धातूच्या थाळ्या (पायाने उघडझाप होणारी हाय-हॅटची जोडी आणि ठसक्यासाठीचा क्रॅश), स्टँड, पेडल आणि स्टूल इतके सगळे बसवायचे, तर प्रत्येक वस्तूच्या वाट्याला किती रक्कम येते, याचा हिशेब आपणच करून पाहावा. या किमतीत सिंबल बहुधा पितळेच्या पत्र्याचे असतात. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. चांगले सिंबल मात्र काशाचे, म्हणजे तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असतात. भजनात पितळी टाळ आणि काशाचे टाळ असे दोन्ही ज्यांनी वाजवले आहेत, त्यांना यातला फरक वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. पितळी सिंबलचा आवाज ताटलीसारखा येतो आणि चटकन विझतो. जोरात वाजवणाऱ्याच्या हाती त्याची कडही लवकर दुमडते.

त्याहून मोठी अडचण पेडल आणि स्टँड यांची असते. एकेरी पट्टीच्या पायांचे स्टँड डुलतात, त्यांचे आटे लवकर झिजतात आणि पेडलची स्प्रिंग एकसारखा प्रतिसाद देत नाही. माझा पहिला सेट असाच होता. गणेशोत्सवातल्या एका कार्यक्रमात बास ड्रमचे, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचे, पेडल मध्येच तुटले आणि उरलेली तीन गाणी मी किकशिवाय, म्हणजे त्या ड्रमशिवाय, वाजवली. तो प्रसंग एका संध्याकाळीच संपला. पण त्या पेडलवर दोन वर्षांत पायाला जी चुकीची सवय लागली, ती मोडायला मला त्याहून अधिक काळ लागला. शिकणाऱ्या मुलाला निकृष्ट वाद्य चालून जाते, हा समज मला म्हणूनच घातक वाटतो. वाद्याचा दोष अनुभवी वादक सांभाळून घेतो. मुलाला मात्र तो स्वतःचाच दोष वाटतो. १८ हजारांचा सेट आपण घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगतो.

४८ हजारांच्या आसपास पर्ल या जपानी कंपनीचा रोडशो किंवा त्याच्या बरोबरीचे इतर कंपन्यांचे सेट येतात. रोडशोचे शेल, म्हणजे ड्रमची लाकडी नळकांडी, पॉपलर लाकडाच्या थरांचे असतात. पॉपलर हे उंची लाकूड नव्हे, परंतु शेल नीट गोल असला आणि ज्या काठावर हेड, म्हणजे ड्रमवर ताणलेला पडदा, टेकते तो काठ सर्वत्र सारखा असला, तर ड्रम सुरात लावता येतो आणि लावलेला टिकतो. प्राथमिक शिक्षणासाठी यापेक्षा महाग लाकडाची गरज नसते. या पातळीवरही सेटबरोबर येणारे सिंबल हाच कच्चा दुवा असतो, पण ते पुढे एकेक करून बदलता येतात.

असे असले, तरी तिसऱ्या मजल्यावर आपण इलेक्ट्रॉनिक सेट घ्यावा, असे माझे मत आहे. खरा ड्रमसेट बंद खोलीत १०० डेसिबलची पातळी सहज ओलांडतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा या काळात ४५ डेसिबल इतकी आहे. शेजारी कितीही समजूतदार असले, तरी मुलाला रोज पाऊण तास मोकळेपणाने वाजवता येणार नाही. आणि जे वाद्य रोज वाजत नाही, ते कितीही चांगले असले तरी घरात अडगळच होते.

जाळीच्या पॅडचा पर्याय दुकानदाराने सुचवला, हे चांगले झाले. रोलँड या कंपनीने १९९७ मध्ये व्ही-ड्रम्स या आपल्या इलेक्ट्रॉनिक सेटबरोबर जाळीचे पॅड आणले, तेव्हापासून इलेक्ट्रॉनिक सेटवरचा हात खऱ्या ड्रमच्या पुष्कळ जवळ आला. जाळी ताणता येते, स्टिकला उसळी देते आणि रबरापेक्षा खूप कमी आवाज करते. पैसे देण्यापूर्वी मात्र चार बाबी विचारून घ्याव्यात. जाळी सर्व ड्रमांना आहे की फक्त स्नेअरला, म्हणजे वादकाच्या समोरच्या मुख्य ड्रमला? किकसाठी खरे पेडल आणि त्याचा बीटर, म्हणजे ठोका देणारा दांडा, आदळेल असा पॅड आहे, की बीटर नसलेला नुसता खटका आहे? खटक्यावर शिकलेला पाय क्लासमधल्या बास ड्रमवर अडखळतो. स्टूल, पेडल आणि हेडफोन किमतीत धरले आहेत का? पुष्कळदा ते धरलेले नसतात आणि ३८ हजारांचे ४५ हजार होतात. शेवटची बाब म्हणजे हळुवार आणि जोरकस आघात यांतला फरक यंत्र किती बारकाईने टिपते; दुकानात मुलालाच बसवून स्नेअरवर अगदी हलक्या हाताने वाजवायला सांगावे आणि आपण हेडफोन लावून ऐकावे.

खालच्या घरात टकटक ऐकू जाते ती मुख्यतः पेडलची, कारण तो कंप हवेतून न जाता लादीतून जातो. दोन प्लायच्या फळ्यांमध्ये टेनिस बॉल बसवून केलेल्या चौथऱ्यावर सेट ठेवला, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो आणि असा चौथरा कोणताही सुतार करून देतो. इलेक्ट्रॉनिक सेटची एक उणीव मात्र लक्षात असू द्यावी : राइडवर, म्हणजे सलग ताल धरण्याच्या मोठ्या सिंबलवर, सरकत्या जागी बदलत जाणारा नाद किंवा स्नेअरवरची ब्रशची घासणी या किमतीचे यंत्र नीट दाखवू शकत नाही. म्हणून क्लासमधला खऱ्या सेटवरचा सराव चालूच राहावा.

प्रश्न : आमच्या हौशी ऑर्केस्ट्राला ड्रमसेट हवा आहे. आजवर आमचे सगळे ऑक्टोपॅडवर, म्हणजे निरनिराळ्या वाद्यांचे नाद देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर, भागत आले. आता ५५ हजारांत एक नवा पूर्ण सेट मिळतो आहे. त्याच सुमारास गोव्यातील एक वादक आपला यामाहा स्टेज कस्टम बर्च ४५ हजारांना विकतो आहे. त्यात पाच ड्रम आणि स्टँड आहेत, पण सिंबल नाहीत. जुने घेणे शहाणपणाचे ठरेल का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : ड्रम चांगल्या स्थितीत असतील, तर नक्कीच ठरेल. स्टेज कस्टमचा शेल संपूर्णपणे बर्च लाकडाचा, सहा थरांचा असतो. बर्चचा आवाज नेमका आणि तुटक येतो. मंडपात, माइकसमोर, इतर वाद्यांच्या गर्दीत तो स्पष्ट उमटतो आणि ऑर्केस्ट्राला नेमके तेच हवे असते. लाखांत किंमत असलेले मेपलचे सेट मी वाजवले आहेत आणि त्यांचा गोडवा मला मान्य आहे, परंतु उघड्या मैदानावर, भोंग्यांतून ऐकणाऱ्या श्रोत्यापर्यंत त्यातला फारच थोडा भाग पोहोचतो.

पाहणी मात्र कसून करावी, कारण कोकण-गोव्याची हवा लाकडाला आणि लोखंडाला कठोर आहे. वरचे-खालचे हेड काढायला सांगावे. शेलच्या आतून बोट फिरवून थर सुटले आहेत का, बुरशीचे डाग आहेत का, हे बघावे. मग शेल स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर उपडा ठेवून आत विजेरी लावावी आणि खोलीतला दिवा मालवावा. काठाखालून प्रकाश कोठे झिरपला, तर काठ तेथे वाकडा आहे आणि तो ड्रम सुरात बसणार नाही. प्रत्येक बोल्ट हाताने फिरवून आटे पाहावेत. क्रोमवरचा वरवरचा गंज पुसून जातो; आटे खाल्लेला गंज मात्र सौदा मोडायला पुरेसा मानावा.

सिंबलसाठी निदान २५ ते ३० हजार बाजूला ठेवावेत. ड्रमला नवे हेड घालून आणि सूर बदलून त्याचे रूप पालटता येते. सिंबल सुरात लावता येत नाही, तो जसा घडला तसाच राहतो. म्हणून आधी उत्तम हाय-हॅट घ्यावा, कारण गाणे चालते ते त्याच्यावर. नंतर राइड आणि सर्वांत शेवटी क्रॅश. ओतीव काशात २० टक्के कथील असते, स्वस्त पत्र्याच्या काशात ८ टक्के. तरीही केवळ टक्केवारीवर विसंबू नये. पाइस्टे या कंपनीची नावाजलेली ‘२००२’ ही सिंबलची मालिका ८ टक्के कथिलाच्या काशाचीच आहे. जुने सिंबल मिळाले तर आनंदाने घ्यावेत, मात्र काठाला आणि मधल्या छिद्राभोवती चीर नाही, याची बोट फिरवून खात्री करावी. केसासारखी चीरही वाढतच जाते.

ऑक्टोपॅड विकू नये. ढोलकी, संबळ, तुतारी यांचे नाद त्यातूनच येत राहतील. ड्रमवादकाच्या डाव्या हाताशी तो स्टँडवर लावावा.

प्रश्न : माझ्याकडे २२ हजारांचा सेट आहे आणि सध्या नवा घेणे शक्य नाही. हेड बदलल्याने आवाज सुधारेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : काठ सरळ असतील, तर अपेक्षेपेक्षा अधिक सुधारेल. सुरुवात स्नेअरपासून करावी. वरच्या बाजूला एकेरी थराचे, खरखरीत लेपाचे हेड घालावे. टॉमवर, म्हणजे स्नेअर आणि बास सोडून उरलेल्या ड्रमांवर, दुहेरी थराचे शोभते. रेमो किंवा इव्हान्स या कंपन्यांचे साधे हेड पुरेसे आहेत. ही हेड पॉलिस्टरच्या फिल्मची असल्यामुळे पावसाळ्यात ढोलकीच्या चामड्यासारखी सैलावत नाहीत. बसवताना सर्व बोल्ट बोटांनी घट्ट करून मग किल्लीने समोरासमोरच्या बोल्टला आळीपाळीने अर्धा अर्धा फेरा द्यावा आणि प्रत्येक बोल्टजवळ स्टिक हलकेच टेकवून सूर सारखा येतो का, ते ऐकावे. हे करूनही एखाद्या ठिकाणी सूर खालीच राहिला, तर वर सांगितलेली विजेरीची परीक्षा त्या ड्रमवर करून पाहावी.