मुरड्याची गोळी आणि वावरातलं ऊन

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझं वय ३४, राहणार दिग्रस तालुका. दोन वर्षांपासून बेंबीच्या खाली मुरडा येतो, आठवड्यातून दोनदा-तीनदा तरी. संडासला जाऊन आलं की उतरतो. कधी तीन-तीन दिवस साफ होत नाही, कधी सकाळीच चार वेळा पळावं लागतं. सोनोग्राफी, रक्त सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) आहे. मेडिकलमधून गोळी आणते, पाकिटावर मेफेनामिक ॲसिड २५० आणि डायसायक्लोमिन १० लिहिलं आहे. आराम पडतो, पण तोंडाला कोरड पडते आणि परवा वावरात चक्कर आली. ही गोळी रोज घेतली तर चालते का? सासूबाईंचंही आताशा पोट दुखते, त्या हीच मागतात. त्यांना काचबिंदू आहे.

उत्तर : ताई, पाकिटावरची नावं उतरवून पाठवलीत, फार बरं केलं. ओपीडीत बहुतेक जण ‘मेडिकलवाल्यानं दिली, पांढरी होती’ एवढंच सांगतात.

आधी एक गोष्ट. तपासण्या नॉर्मल आल्या म्हणून तुमचं दुखणं खोटं ठरत नाही. आयबीएसमध्ये आतड्याचे स्नायू वेळी-अवेळी जोरात आकसतात आणि तिथल्या नसा हळव्या झालेल्या असतात, त्यामुळे साध्या गॅसचीही कळ होते. हे सोनोग्राफीत दिसत नाही. ते लक्षणांवरूनच ओळखतात आणि तुमच्या चिठ्ठीत ती लक्षणं आहेत. घरात कोणी ‘मनाचे खेळ’ म्हणत असेल, तर हे वाचून दाखवा.

आता गोळी. तिच्यात दोन औषधं आहेत. मुरडा सोडवते ती डायसायक्लोमिन. नसांकडून स्नायूला ‘आकस’ असा जो निरोप जातो, तो ती अडवते. पण तसाच निरोप लाळेच्या आणि घामाच्या ग्रंथींनाही जातो, तोही अडतो. म्हणून तोंड कोरडं पडतं. आणि घाम कमी येतो, ही आपल्या भागात फार मोठी गोष्ट आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना अंग थंड ठेवायला घामाशिवाय दुसरं काही नाही. तो अडला की उष्णता आत साठते. परवाची चक्कर अशक्तपणाची म्हणून सोडून देऊ नका. नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, सरून पाऊस पडेपर्यंत ही गोळी घेऊन वावरात जायचं नाही म्हणजे नाही. पुन्हा तसं झालं तर सावलीत बसा, अंगावर ओला दुपट्टा घ्या, पाणी प्या. अंग तापलं, बोलणं बरळल्यासारखं झालं, तर घरच्यांनी थेट दवाखाना गाठावा.

दुसरं औषध मेफेनामिक ॲसिड, ते वेदनाशामक. पाळीच्या दुखण्यात दोन दिवस ठीक, पण आयबीएससाठी रोज घ्यायला नको. जठराला त्रास होतो आणि उन्हानं शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडांवरही ताण येतो. अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं अशी गंभीर रिअॅक्शन क्वचित येते. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगानं त्याबद्दल सावध केलं होतं.

तेव्हा रोज नको. तुमच्या डॉक्टरांना मेबेव्हेरिनबद्दल विचारा. ती आतड्याच्या स्नायूवरच काम करते, कोरड आणि घामाचा प्रश्न सहसा येत नाही. साधारण १३५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, जेवणाआधी वीस मिनिटं अशी देतात. त्रासाचे दिवस सरले की थांबवायची. साफ होत नाही त्या दिवसांत इसबगोल, पण भरपूर पाण्यासोबत. आणि ज्वारीची भाकर मुळीच सोडू नका, ती पोटाला सोसते. गडबड पिठल्याची, गोळाभातातल्या चणाडाळीची, कच्च्या कांद्याची असू शकते. दुधाचा चहा दिवसभर चालत असेल, तर त्याचीही. सगळं एकदम बंद केलं तर खाणार काय? एक जिन्नस तीन आठवडे बंद ठेवा, फरक दिसतो का पाहा, मग दुसरा.

वजन उतरणं, संडासात रक्त, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री झोपेतून उठवणारी कळ, यातलं काही दिसलं तर आयबीएस समजून बसू नका. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असाच पोटदुखीनं सुरू होतो. आणि पऱ्हाटीवर (कापसावर) फवारणी करून आल्यावर कुणाला मुरडा, जुलाब, तोंडातून लाळ, अंधुक दिसणं असं झालं, तर ती विषबाधा असते. तिथं घरची गोळी देण्यात वेळ घालवायचा नाही. कपडे बदला, अंग साबणानं धुवा आणि फवारणीच्या औषधाचा डबा घेऊन रुग्णालयात न्या. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यानं फवारणीत किती माणसं गमावली, हे तुम्हाला मी सांगायला नको.

सासूबाईंना मात्र ही गोळी अजिबात देऊ नका. काचबिंदूत डायसायक्लोमिननं डोळ्यातला दाब वाढू शकतो, नजर जाऊ शकते. शिवाय त्यांच्या वयात नव्यानं सुरू झालेलं पोटदुखणं आधी तपासायला हवं. त्यांना ग्रामीण रुग्णालयात न्याल तेव्हा डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली आणि हे पाकीट, दोन्ही सोबत ठेवा.