जमिनीतली तिजोरी बसवताय? आधी हे बघा

तिजोरीचं मॉडेल नंतर ठरवा, आधी जागा ठरवा. खाली थेट माती असलेली तळमजल्याची फरशीच हवी. वरच्या मजल्याचा स्लॅब यासाठी कधीच फोडू नका. खांब आणि भिंतीच्या पायापासून, मोरी-न्हाणीघरापासून लांब राहा. खालून पाइप किंवा वायर जात नाही ना, हे खोदण्याआधीच तपासून घ्या.

निवडताना आतलं माप बघा. बाहेरचं माप फसवं असतं. फाइल आडवी न मुडपता तोंडातून आत जाते का, हे कागद धरूनच पाहा.

खड्डा चारही बाजूंनी आणि तळाला साधारण १० सेंमी मोठा घ्या. आत जाड प्लास्टिक अंथरा, तळाला काँक्रीट घाला, मग तिजोरी ठेवा.

नवशिक्यांचं सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: ओल्या काँक्रीटमध्ये रिकामी तिजोरी चक्क वर तरंगते. म्हणून वर वजन ठेवा आणि काँक्रीट थराथराने भरा. दाराच्या फटीला आधी टेप लावा. कडेत सिमेंट शिरलं की दार नीट बसत नाही. तोंडाची कड फरशीपेक्षा किंचित वर ठेवा, नाहीतर लादी पुसतानाचं पाणी आत उतरेल.

किमान सात दिवस काँक्रीट पिकू द्या. कुलूप दार उघडं ठेवूनच पाच-सहा वेळा चालवून बघा. कागद हवाबंद पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. दमट झाल्या की बदला.

अलार्म, दुहेरी कुलूप वगैरे आत्ता राहू द्या. जागा आणि काँक्रीट नीट जमलं की मोठं काम झालंच.