एचआर मॅनेजर निवडताना कंपन्या कोणते गुण बघतात?
डिग्री सगळ्यांकडेच असते. खरा कस लागतो तो गोष्ट पोटात ठेवण्याचा. कोणाचा पगार किती, कोणाला काढायचंय, हे एचआरला आधी कळतं. चहाच्या टपरीवर तोंड सैल सुटलं की विश्वास संपला.

दुसरं, साहेबाला 'नाही' म्हणायची धमक. मुलाखतीत विचारू शकतात: सर्वात जास्त धंदा आणणाऱ्या सेल्स हेडविरुद्ध एखाद्या बाईंनी लैंगिक छळाची तक्रार केली तर? 'समजुतीने मिटवू' म्हणालात की गेलात. कामाच्या ठिकाणच्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार 10 किंवा जास्त कर्मचारी असले की अशा तक्रारींची चौकशी करणारी अंतर्गत समिती लागतेच आणि चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. तडजोड होते, पण तक्रारदार बाईंनी स्वतः मागितली तरच, आणि तीही पैशांवर नाही. हा बारकावा सांगितलात तर समोरचा पेन खाली ठेवून ऐकतो.