अपडेटनंतर टॅबलेट मंदावला, कंपनीकडे दाद मागता येईल का?

प्रश्न : मॅडम, मी नाशिकला दिंडोरी रोडला राहतो. द्राक्षबागांना खत-फवारणीचा सल्ला देतो, एकटाच फिरतो. २०२३ च्या दिवाळीत एम. जी. रोडवरच्या दुकानातून २८,५०० रुपयांचा टॅबलेट घेतला. माझ्या साडूंनीही त्याच दिवशी तोच घेतला. पानांचे फोटो, छाटणीच्या तारखा, प्रत्येक प्लॉटचं वेळापत्रक, सगळं त्यातच आहे. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी 'अपडेट करा, अपडेट करा' असं रोज यायला लागलं, म्हणून एका रात्री टाकून दिलं. दुसऱ्या दिवसापासून एक फोटो उघडायला दहा-बारा सेकंद लागतात, कॅमेरा मधेच बंद पडतो. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा म्हणाला, "सर, जुन्या मॉडेलला नवीन अपडेट जड जातं, आता नवीनच घ्या." जॉबशीटवर मात्र 'दोष आढळला नाही' असं लिहिलं. वॉरंटी २०२४ मध्येच संपली. साडूंनी अपडेट टाकलं नाही, त्यांचा अजून छान चालतो. ऐन गोडी छाटणीत माझे दोन बागायतदार सुटले. कंपनीने हे मुद्दाम केलं, याबद्दल मला शंका नाही. सायबर पोलिसांत जाऊ की ग्राहक कोर्टात?

उत्तर : भाऊ, आधी एक विनंती. टॅबलेट फॅक्टरी रीसेट करू नका, विकू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका. आज तो जसा अडखळतोय, तसाच राहू द्या. माझ्याकडे असे बरेच जण येतात, पण वस्तू भंगारात देऊन आल्यावर. मग हातात उरतं फक्त बिल.

आता मूळ मुद्दा. 'मुद्दाम केलं' हे शब्द तक्रारीतून काढून टाका. तुमचा राग मला कळतो. पाऊस पडून गेलेला, डाऊनी या बुरशीजन्य रोगाची भीती, बागायतदार शेजारी उभा, आणि स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय. अशा वेळी वाटणारच की कोणीतरी डाव साधला. पण कंपनीच्या मनात काय होतं हे नाशिकमध्ये बसून सिद्ध करणं जवळपास अशक्य आहे. सुदैवाने ते सिद्ध करण्याची गरजही नाही.

या विषयातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण बघा. ॲपलने जानेवारी २०१७ मध्ये आयओएस १०.२.१ हे अपडेट दिलं. तेव्हा आयफोन ६ आणि ६एस वापरणाऱ्यांचे फोन बॅटरी शिल्लक दिसत असतानाही अचानक बंद पडत होते. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो, आणि प्रोसेसरने एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं. त्यावर कंपनीने उपाय असा केला की जुनी बॅटरी असलेल्या फोनचा प्रोसेसर गरज पडेल तेव्हा आवरता घ्यायचा. म्हणजे अपडेटने फोन खरोखरच हळू होत होता. हे उघड झालं ते वर्षाच्या शेवटी, लोकांनी स्वतः फोनचा वेग मोजून आकडे मांडले तेव्हा. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. पुढे फ्रान्समध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये २५ दशलक्ष युरोचा दंड झाला. तो कशासाठी, हे लक्षात घ्या. अपडेटमुळे फोन मंदावू शकतो हे ग्राहकाला सांगितलं नाही, यासाठी.

इटलीचं उदाहरण तुमच्या गोष्टीच्या आणखी जवळ जातं. तिथल्या स्पर्धा व ग्राहक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲपलला १० दशलक्ष आणि सॅमसंगला ५ दशलक्ष युरो दंड ठोठावला. सॅमसंगच्या बाबतीत आक्षेप होता तो गॅलेक्सी नोट ४ च्या ग्राहकांना नव्या अँड्रॉइडचं अपडेट टाकायला वारंवार सांगितलं गेलं, पण जुन्या हार्डवेअरवर त्याचा काय ताण येईल हे सांगितलं नाही, असा. परदेशातले हे निर्णय नाशिकच्या ग्राहक आयोगावर, म्हणजे तुम्ही म्हणता त्या ग्राहक कोर्टावर, बंधनकारक नाहीत. पण 'अपडेटने असं कधी होत नाही' असं कंपनीच्या वकिलांनी म्हटलं, तर समोर ठेवायला उपयोगी पडतात. आपल्याकडेही आयओएस १८ नंतर आयफोनच्या कामगिरीबद्दल तक्रारी आल्या, तेव्हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जानेवारी २०२५ मध्ये ॲपलला नोटीस काढली होती. तुमचा टॅबलेट कोणत्याही कंपनीचा असो, हा विषय ग्राहक कायद्याचा आहे एवढं यातून दिसतं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली 'सेवेतील त्रुटी'ची व्याख्या, म्हणजे कलम २(११), वाचा. ग्राहकाला सांगायला हवी अशी माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा त्या व्याख्येत त्रुटीच आहे. तुमची तक्रार या वाक्यावर उभी करा : जुन्या मॉडेलला अपडेट जड जातं हे सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाला ठाऊक होतं, मग 'इन्स्टॉल करा' म्हणून रोज मागे लागताना मला का सांगितलं नाही?

वॉरंटी संपल्याचं उत्तर तुम्हाला ठरलेलं मिळेल. त्याने खचून जाऊ नका. वॉरंटी असते वस्तूत आपोआप निघालेल्या बिघाडासाठी. इथे चालती वस्तू तुमच्या घरात होती, आणि कंपनीने स्वतः पाठवलेल्या सॉफ्टवेअरने ती बिघडली असं तुमचं म्हणणं आहे. ही कंपनीची नवी कृती आहे, वॉरंटी संपल्यानंतरची. मला तुमच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा वाटतो.

कच्च्या बाजू आता सांगते, कारण समोरचा वकील त्या सांगणारच आहे. तुम्ही दिवसभर शिवारात असता. टॅबलेट गाडीच्या डिकीत राहतो ना? एप्रिलच्या खरड छाटणीत त्या डिकीत काय होत असेल ते तुम्हीच जाणता. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि तापलेलं उपकरण स्वतःला जपण्यासाठी आपणहून वेग कमी करतं. दुसरं, फोटो. हजारो पानांचे फोटो साठवून जागा काठोकाठ भरली असेल तर कुठलाही टॅबलेट रडतो. तिसरं, मोठ्या अपडेटनंतर पहिले एक-दोन दिवस उपकरण मागच्या बाजूला ॲप नव्याने जुळवत असतं, तेव्हा ते मंद असतंच. तुमचा त्रास दोन दिवसांत थांबला नाही, म्हणून हे तिसरं कारण गळतं. पहिली दोन मात्र तपासावी लागतील. तपासात बॅटरीच मेलेली निघाली, तर भाऊ, कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा बॅटरी बदलून घ्या. मी तुम्हाला नसती आशा दाखवणार नाही.

पुरावा कसा गोळा करायचा ते नीट ऐका, कारण प्रकरणाचा जीव त्यात आहे. तुमचे साडू तुमच्यासाठी बिलाइतकेच महत्त्वाचे आहेत. तीच तारीख, तेच मॉडेल, फक्त अपडेट नाही : अशी जोडी मिळणं दुर्मीळ. दोन्ही टॅबलेट एका टेबलावर ठेवा, दोन्ही पूर्ण चार्ज केलेले. सेटिंगमधलं सॉफ्टवेअरचं व्हर्जन, अपडेटची तारीख आणि शिल्लक जागा दोन्हींची दाखवा. मग तोच फोटो, तेच ॲप एकाच वेळी उघडा, शेजारी घड्याळ ठेवा आणि तिसऱ्या मोबाइलवर न थांबता चित्रीकरण करा. आवाजात तारीख-वेळ बोला. हे झाल्यावर तुमचे फोटो हार्ड डिस्कवर काढून घ्या, दोन्ही टॅबलेटमध्ये सारखी जागा मोकळी ठेवा आणि पुन्हा तेच करा. मोकळ्या जागेतही तुमचा मागे पडला, तर कंपनीचं निम्मं उत्तर तिथेच संपतं. सगळं सकाळच्या थंड वेळी करा. चित्रीकरण दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं, प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या कायद्याचा काटेकोर कीस पाडत नाही, पण आक्षेपाला जागा कशाला ठेवायची?

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाचं वाक्य तुम्हाला पाठ आहे, पण कागदावर नाही. म्हणून कंपनीच्या अधिकृत ईमेलवर लिहा : अमुक तारखेला तुमच्या केंद्रात मला असं सांगण्यात आलं, जॉबशीट क्रमांक अमुक, हे बरोबर आहे का, आणि जुनं व्हर्जन परत टाकून मिळेल का? उत्तर आलं तरी उपयोग, नाही आलं तरी उपयोग. बॅटरीची तपासणी त्यांच्याकडूनच करून घ्या आणि आकडा जॉबशीटवर लिहून मागा. ते रीसेट करा म्हणाले, तर ते त्यांच्याकडे, जॉबशीटवर नोंद होऊन आणि तुमचं चित्रीकरण झाल्यावरच.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. तुम्ही टॅबलेट धंद्यासाठी घेतला, मग तुम्ही 'ग्राहक' ठरता का? व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू या कायद्याबाहेर आहे, पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका चालवण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू आत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग प्रकरणात हे समजावताना टाइपरायटर आणि टॅक्सी यांची उदाहरणं दिली होती : जो स्वतः टाइप करून, स्वतः गाडी चालवून पोट भरतो तो ग्राहकच. तुम्ही एकटे फिरता, हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात यायला हवं. बिलावर जीएसटी क्रमांक घातला असेल तर लपवू नका, आधीच सांगा.

सायबर पोलिसांकडे जाऊ नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय केलेल्या नुकसानीबद्दल आहे, आणि 'इन्स्टॉल'वर बोट तुमचं होतं. तुमची तक्रार परवानगी नव्हती अशी नाही. परवानगी देताना पूर्ण माहिती नव्हती अशी आहे, आणि त्याची जागा ग्राहक आयोग.

आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, कधी कधी कंपन्या तिथेच मिटवतात. मग स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून पंधरा दिवस थांबा. नोटीस कायद्याने सक्तीची नाही, तरी पाठवाच. त्यानंतर नाशिकचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. कंपनीचं कार्यालय बेंगळुरूला असो की गुरुग्रामला, तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करण्याचा हक्क कलम ३४ देतं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. टॅबलेटच्या खोक्यावर उत्पादक किंवा आयातदार म्हणून जिचं नाव छापलंय ती कंपनी मुख्य विरुद्ध पक्ष. दुकानदाराला पक्षकार करा, कारण बिल त्याचं आहे. पण त्याच्याशी भांडू नका, अपडेट त्याने पाठवलेलं नाही. कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. आयोगाला वाटलं तर कलम ३८ खाली टॅबलेट प्रयोगशाळेत जाईल, त्याची फी आधी तुम्हाला भरावी लागेल. त्याची तयारी ठेवा.

इथे एक सावधगिरी. 'आय ॲग्री' वर क्लिक केलेल्या अटी अन्यायकारक आहेत, हा सगळा करारच रद्द करा, असं तक्रारीत लिहू नका. 'अन्यायकारक करारा'ची तक्रार ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला नाही, तो राज्य आयोगापासून पुढे आहे. एका जोशातल्या परिच्छेदामुळे अधिकारक्षेत्राचा वाद उभा राहतो आणि वर्ष निघून जातं.

मागणी माफक ठेवा. जुनं व्हर्जन परत टाकून द्यावं किंवा टॅबलेट विनामूल्य दुरुस्त करून द्यावा. तेही जमत नसेल तर वापराचा काळ वजा करून किंमत परत द्यावी. शिवाय मनस्ताप आणि खर्च. दोन वर्षं वापरलेल्या वस्तूचे पूर्ण २८,५०० मिळतील असं मला वाटत नाही. सुटलेल्या दोन बागायतदारांचं नुकसान मागायचं असेल तर मागच्या हंगामात त्यांनी यूपीआयने दिलेल्या रकमा दाखवा. टॅबलेटमुळेच सोडलं, असं त्यांच्यापैकी एकाने शपथपत्रावर लिहून दिलं तरच ती मागणी टिकेल. ते द्यायला तयार नसतील तर हा भाग सोडून द्या.

मुदत कलम ६९ प्रमाणे दोन वर्षं आहे, आणि ती अपडेट बसलं त्या दिवसापासून मोजा, खरेदीपासून नव्हे. म्हणजे सप्टेंबर २०२७ अखेरपर्यंत. तुमच्याकडे वेळ आहे, साडूंच्या टॅबलेटकडे नाही. त्यांचं अपडेट रात्री वाय-फायवर आपोआप बसलं तर तुलना करायला काही उरणार नाही. सेटिंगमधलं आपोआप डाउनलोड बंद करायला त्यांना आजच फोन करून सांगा. चित्रीकरण झालं की ते पुन्हा चालू करू द्या, सुरक्षेची अपडेट फार काळ रोखून त्यांचं बँकेचं ॲप धोक्यात घालायला नको.