वाचकांचे प्रश्न : कमिन्सचे नाव पुरेसे आहे का?

प्रश्न : कोथरूडमधल्या एका कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये एकतीस वर्षे काढून मी निवृत्त झालो. धाकटा मुलगा ह्यूस्टनजवळ राहतो, बागकामाची कंत्राटे घेतो आणि साडेचार टनांचा ट्रेलर ओढण्यासाठी त्याला वापरलेला हेवी-ड्यूटी पिकअप घ्यायचा आहे. त्याच्या ऐपतीत तीन डिझेल गाड्या बसतात. २०१४ चा रॅम २५००, त्यात कमिन्सचे ६.७ लिटरचे इंजिन. २०१५ चा फोर्ड एफ-२५०, त्यात पॉवर स्ट्रोक ६.७, आणि २०१६ चा शेवरोले सिल्व्हराडो २५०० एचडी, त्यात ड्युरामॅक्स ६.६. तिन्ही दीड लाख मैलांच्या आसपास चाललेल्या आहेत. मी त्याला म्हणालो, "कमिन्स आहे ना, मग डोळे मिटून घे." त्यावर तो म्हणतो, "बाबा, इथे प्रत्येक जण आपापल्या कंपनीसाठी भांडतो, पण त्याचे कारण कोणीच सांगत नाही." माझे काही चुकते आहे का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपला सल्ला फारसा चुकलेला नाही, त्यामागचे कारण मात्र चुकलेले आहे. १९६२ मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीत कोथरूडला कारखाना उभा राहिला आणि कमिन्स हे नाव पुणेकरांना घरच्यासारखे झाले, हे खरे. परंतु रॅममधले इंजिन इंडियाना राज्यात कोलंबसजवळ तयार होते आणि त्याचा कोथरूडशी संबंध नावापुरताच आहे. नातेच शोधायचे तर टाटांच्या ट्रकमधले ५.९ लिटरचे, जमशेदपूरला बनणारे सहा सिलिंडरचे इंजिन हे त्याचे सख्खे भाऊबंद आहे. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतला जुना फिटर ते इंजिन डोळे झाकून उघडतो, कारण सहाही सिलिंडर एका ओळीत, ब्लॉक बिडाचा, मेन बेरिंग सात आणि हात घालायला जागा भरपूर. फोर्ड आणि शेवरोले या दोघांची इंजिने व्ही-आठ, म्हणजे चार-चार सिलिंडरच्या दोन तिरक्या ओळींची आहेत. ती बॉनेटखाली दाटीने बसतात आणि एखाद्या लहानशा कामासाठीही वरचा बराच पसारा उतरवावा लागतो.

तरीही कंपनीच्या नावावरून भरवशाचा निवाडा होत नाही, आणि याचे उत्तम उदाहरण फोर्डच्याच घरात आहे. १९९४ ते २००३ या काळातल्या ७.३ लिटरच्या पॉवर स्ट्रोकची अमेरिकेतले ट्रकवाले आजही वाखाणणी करतात. त्याच्या जागी २००३ मध्ये आलेले ६.० लिटरचे इंजिन बदनाम झाले. दोन्हींवर फोर्डचेच नाव होते आणि दोन्ही नॅव्हिस्टार या एकाच कंपनीने बनवलेली होती. ६.० मध्ये कूलंट आधी ऑइल कूलरमधून जात असे आणि तिथून पुढे एक्झॉस्टचा वायू थंड करणाऱ्या ईजीआर कूलरकडे. ऑइल कूलरच्या बारीक वाटा ओतकामातून उरलेल्या वाळूने आणि गाळाने तुंबल्या, की पुढच्या कूलरला पाणी अपुरे पडे, तिथे ते उकळे आणि अखेर तो फुटे. त्यातच सिलिंडरवरचे झाकण, म्हणजे हेड, दाबून धरायला प्रत्येक सिलिंडरभोवती चारच बोल्ट होते, आधीच्या ७.३ मध्ये ते सहा होते. मग दाब वाढला की हेड उचलले जाई आणि गॅस्केट उडे. आपण मशीन शॉपमध्ये होता, त्यामुळे चार आणि सहा बोल्टांतला फरक आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको. जनरल मोटर्सकडेही हाच प्रकार आहे. इसुझूबरोबर घडवलेल्या २००१ च्या पहिल्या ड्युरामॅक्समध्ये सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर व्हॉल्व्ह कव्हरच्या आत होते आणि ते इतके गळू लागले की कंपनीला त्यांची हमी सात वर्षे किंवा दोन लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली. त्याच इंजिनाची २००६-०७ ची आवृत्ती मात्र लोक शोधून शोधून विकत घेतात.

म्हणून तुलना करायची ती कंपनीची नव्हे, तर त्या त्या वर्षाच्या इंजिनाची आणि त्यापेक्षाही त्या इंजिनाला जोडलेल्या भागांची. आपल्या तिन्ही गाड्यांच्या इंजिनांचा टॉर्क १,००० न्यूटन-मीटरच्या वर आहे, त्यामुळे साडेचार टन ओढणे हे यांतल्या कोणालाही जड नाही. पिस्टन, क्रँक, बेरिंग हा मूळ ऐवज तिन्हींचा मजबूत आहे. खिसा रिकामा करतो तो डिझेलचा हाय-प्रेशर पंप.

२०१५ च्या फोर्डमध्ये आणि २०१६ च्या शेवरोलेमध्ये बॉशचा सीपी४ हा पंप आहे, तर २०१४ च्या रॅममध्ये आधीच्या पिढीचा सीपी३. सीपी४ मध्ये कॅमवर फिरणारा रोलर जागच्या जागी वळला, किंवा डिझेलचे वंगण त्याला अपुरे पडले, तर धातूचा कीस निघू लागतो आणि तो पंपापुरता न राहता इंजेक्टरना डिझेल पुरवणारी रेल, इंजेक्टर आणि परतीच्या नळीतून थेट टाकीपर्यंत पोहोचतो. मग पंप बदलून भागत नाही, इंधनाची सारी यंत्रणाच बदलावी लागते, आणि तिथल्या मजुरीसह हा खर्च आठ-दहा हजार डॉलरच्या घरात जातो. अमेरिकेच्या मानकात डिझेलच्या वंगणक्षमतेची चाचणी ५२० मायक्रॉनपर्यंतची झीज मान्य करते; युरोपात हीच मर्यादा ४६० आहे. म्हणजे युरोपच्या डिझेलवर जो पंप निभावतो, त्याला टेक्सासच्या डिझेलमध्ये वंगण कमी मिळू शकते. त्यातही शेवरोलेच्या त्या इंजिनाला टाकीतून डिझेल पुढे ढकलणारा वेगळा लिफ्ट पंप कारखान्यातून येत नसे. सीपी४ लाच ते ओढून घ्यावे लागे. फोर्डमध्ये लिफ्ट पंप आहे, म्हणून फोर्डची बाजू थोडी सावरते. जनरल मोटर्सने २०१७ पासून डेन्सोचा पंप घेतला, तेव्हा मुलाची ऐपत एका वर्षाने पुढे सरकली, तर शेवरोलेबाबतचे माझे मत बदलेल. गंमत म्हणजे रॅमनेही २०१९ मध्ये हाच सीपी४ घेतला, आणि दोन वर्षांत त्या गाड्या परत बोलावून जुन्या सीपी३ वर येण्याची पाळी तिच्यावर आली.

रॅम निर्दोष आहे, असा याचा अर्थ नाही. ६.७ कमिन्समध्ये थंडीत हवा तापवणारा ग्रिड हीटर असतो. त्याचा बोल्ट झिजून, सुटून इंजिनात जातो आणि बहुधा सहाव्या सिलिंडरचा घात करतो. हा बोल्ट आधीच काढून पर्यायी संच बसवता येतो, आणि मुलाने तो गाडी घेतल्या घेतल्या बसवून घ्यावा. रॅम २५०० चा स्वयंचलित गिअरबॉक्सही इंजिनाच्या मानाने उणा आहे. शेवरोलेचा ॲलिसन गिअरबॉक्स त्याहून पुष्कळ दणकट. शिवाय २०१३ ते २०१९ च्या रॅममधल्या प्रदूषण-नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरवरून कमिन्सला अमेरिकेत १.६७५ अब्ज डॉलरचा दंड मान्य करावा लागला. म्हणून हे सॉफ्टवेअर बदलून घेतले आहे का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर आणि एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात फिरवणारी ईजीआर यंत्रणा काढून टाकलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली, तरी घेऊ नये. तसे करायला तिथल्या कायद्याने मनाई आहे आणि पुढे ती विकताना त्रास होतो.

इंजिनापुरते पाहिले तर मी रॅम घेईन, मात्र गिअरबॉक्सच्या तेलाचा रंग आणि वास पाहिल्यावरच. मुलाने फोर्ड किंवा शेवरोलेच पसंत केली, तर मेकॅनिकला पंपावरचा इंधन नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह काढायला सांगावे आणि त्याची बारीक जाळी पांढऱ्या कपड्यावर टिपून घ्यावी. कपड्यावर चांदीसारखी चमक दिसली, तर तो सौदा तिथेच सोडावा. तिन्ही गाड्यांच्या डॅशबोर्डवर इंजिन किती तास चालले ते दिसते. मैलांना त्या तासांनी भागावे. उत्तर ताशी पंचवीसच्या खाली आले, तर गाडी तासन्‌तास जागेवर धुमसत उभी राहिली आहे आणि तिचा फिल्टर काजळीने भरलेला असणार, असे समजावे. राहिली ती आपली ट्रान्सपोर्टनगरीची परीक्षा : इंजिन गरम असताना ऑइलचे झाकण काढून उलटे भोकावर ठेवावे. ते थरथरले तर चालेल, उडून पडले तर पिस्टनच्या रिंगांचे आयुष्य संपत आले आहे.

प्रश्न : माझा मेहुणा ओहायोत १९९७ चा डॉज रॅम घेतो आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक्स नाही, म्हणून तो बिघडणारच नाही, असे त्याचे म्हणणे आहे. हे खरे मानावे का?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : बऱ्याच अंशी खरे आहे. त्या गाडीत बारा व्हॉल्व्हचे ५.९ कमिन्स आणि बॉशचा यांत्रिक इनलाइन पंप आहे. आपल्याकडच्या जुन्या ट्रकवर मायकोचा पंप असे, त्याच जातीचा. त्याच्या कॅमला इंजिन ऑइलचे वंगण मिळते, त्यामुळे तो डिझेलच्या गुणदोषांवर फारसा अवलंबून नसतो. १९९८ च्या मध्यावर चोवीस व्हॉल्व्हचे इंजिन आले, तेव्हा इलेक्ट्रॉनिक व्हीपी४४ पंप आला आणि लिफ्ट पंप अशक्त झाला की हा व्हीपी४४ डिझेलविना जळू लागला. बारा व्हॉल्व्हच्या इंजिनात एकच दगा संभवतो. टायमिंग गिअरचे केस बसवताना जुळणीसाठी ठोकलेली एक पोलादी पिन कंपनाने सैल होऊन गिअरमध्ये पडते. ती अडवण्यासाठी शेजारच्या बोल्टखाली एक लहान पट्टी बसवतात. ती बसवलेली आहे का, एवढे मेहुण्यांनी पैसे देण्याआधी पाहून घ्यावे.