दोन विंगमध्ये कॅट-६ नको, फायबर टाका

वळवाचा पाऊस झाला की ए विंग आणि क्लब हाऊसमधले नेटवर्क स्विच जातात, सोबत दोन-चार कॅमेरेही, आणि वीज मात्र सोसायटीवर पडलेलीच नसते, हे तुम्ही लिहिलंय ना, तेच आम्ही पुण्यात सिंहगड रोडला सोसलंय. यूपीएसवर आणखी पैसे घालू नका. दणका बहुतेक दोन इमारतींना जोडणाऱ्या कॅट-६ मधून, म्हणजे तांब्याच्या नेटवर्क केबलमधूनच येतोय. जवळपास कुठेही वीज पडली तरी दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो. ही केबल जिथे खोचतात त्या इथरनेट पोर्टचं इन्सुलेशन असतं साधारण १५०० व्होल्टचं.

आम्हाला सगळ्यात महागात पडला तो एक ठेकेदार. सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे जादा दणका अर्थिंगकडे वळवणारी उपकरणं, त्याने दोन्ही टोकांना बसवले, मालही चांगला होता. पण 'नेटवर्कला स्वच्छ अर्थिंग हवं' म्हणत बागेत वेगळा रॉड ठोकला आणि तो इमारतीच्या मेन अर्थला जोडलाच नाही. हिरवी वायर टेरेसवरून पाइपाभोवती वळसे घेत खाली आणलेली. आपल्याकडे थोडं खणलं की काळा पाषाण लागतो, मे महिन्यात वरची मातीही कोरडी ठणठणीत. असा रॉड काय कामाचा? प्रोटेक्टर एका अर्थवर, स्विचचा प्लग दुसऱ्या, मधला फरक स्विचच्या पोटातून गेला. एनव्हीआरसकट (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) सगळं जळलं. बोर्ड उघडून पाहिले तर पॉवरची बाजू शाबूत आणि लॅन पोर्टमागचे छोटे ट्रान्सफॉर्मर फुटून काळेठिक्कर. पैसे भरून घेतलेल्या संरक्षणाने असं करावं, याचा मला आजही संताप येतो.

प्रोटेक्टर लावायचेच असतील तर त्यांची वायर जाड, आखूड, सरळ, आणि स्विचच्या पॉवरचं अर्थ ज्या अर्थिंगच्या बारला आहे त्याच बारला. मी परवानाधारक इलेक्ट्रिशियन नाही, त्यामुळे अर्थिंगला हात लावायला तसाच माणूस बोलवा.

पण माझं मत विचाराल तर सिंगल मोड फायबर टाका, म्हणजे प्रकाशावर चालणारी काचेची केबल, काचेतून वीज जात नाही. दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे प्रकाशाचा सिग्नल साध्या नेटवर्क केबलच्या सिग्नलमध्ये आणि उलट बदलणारे डबे. दुकानदार आर्मर्ड केबल पुढे करेल. तिचं आवरण पोलादी असतं, म्हणजे पुन्हा धातू आलाच. अजिबात धातू नसलेली मागा आणि उंदरांसाठी पाइपातून न्या. गेटवरचे पीओई कॅमेरे (ज्यांना वीजही नेटवर्क केबलमधूनच मिळते) तांब्यावरच राहतील, तिथे प्रोटेक्टर हवेतच. आयआयटीएम या पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अॅप वॉचमनच्या फोनवर असू द्या, जवळ वीज पडत असल्याचं कळतं.

आणि फायबर चालू झालं की जुनी कॅट-६ 'बॅकअप असू दे' म्हणून स्विचला लावून ठेवू नका. दोन्ही टोकांकडून काढाच.