एक्सप्रेसवेच्या उजव्या लेनमधून ट्रक हटवले की रस्ता मोकळा होईल का?

तुमचा प्रश्न असा: न्यू जर्सीत ट्रक सगळ्यात डावीकडच्या लेनमध्ये येत नाहीत, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर मात्र उजव्या लेनमध्ये यायचं नाही असा नियम असूनही सर्रास येतात. जबर दंड लावला तर रस्ता मोकळा होईल ना?

अर्धाच होईल. आमच्या घरी मालवाहतुकीचा धंदा आहे आणि मी स्वतः याच रस्त्याने कार चालवतो, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या माझ्या कानावर असतात.

न्यू जर्सीचं उदाहरण चांगलं आहे, पण तुम्ही ते अर्धंच सांगितलंत. तिथे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणून ओव्हरटेकची लेन डावीकडे. एका दिशेला तीन किंवा जास्त लेन असतील तर 10,000 पौंड आणि त्यावरच्या ट्रकने सगळ्यात डावीकडच्या लेनमध्ये जायचं नाही. डावीकडे वळायचं असेल तर आधीच्या मैलभरात सूट. हा झाला ट्रकवाल्यांचा कायदा. दुसरा सगळ्यांसाठी आहे: ओव्हरटेक झालं की परत उजवीकडे या. विनाकारण डावीकडे रेंगाळलात तर 100 ते 300 डॉलर दंड, आणि तोही 2013 मध्ये वाढवून एवढा केलेला. आपण पहिल्या कायद्यावर तावातावाने बोलतो. दुसऱ्याचं नावही काढत नाही, कारण तो आपल्याला लागू पडतो.

आता आपल्याकडचे ट्रक डावी लेन का सोडतात ते बघा. 2015 पासून मालवाहू गाड्यांना स्पीड गव्हर्नर, म्हणजे ताशी 80 किलोमीटरच्या वर वेग जाऊ न देणारं यंत्र, सक्तीचा आहे. समजा एक ट्रक 80 ने चाललाय आणि पुढचा 78 ने. दोन्ही गाड्यांची लांबी आणि पुढेमागे सोडायचं अंतर धरलं तर मागच्याला 80-85 मीटर जास्त कापायचे असतात. ताशी 2 किलोमीटरच्या फरकाने त्याला अडीच मिनिटं लागतात. तेवढ्यात दोघं मिळून तीन किलोमीटरहून जास्त रस्ता जोडीने जातात, एक डाव्या लेनमध्ये, एक मधल्या. हे काही बेकायदा नाही. मधली लेन त्यासाठीच आहे. कंटाळवाणं आहे, एवढंच.

पण त्याच वेळी उजव्या लेनमध्ये कुणीतरी 82 ने गाणी ऐकत चाललेलं असतं. डावीकडे बरीच जागा असताना हा माणूस गेल्या कित्येक किलोमीटरपासून तिथेच ठाण मांडून बसलेला असतो. आता तिन्ही लेन बंद. मागे डिपरचा पाऊस सुरू होतो आणि सगळे शिव्या घालतात ट्रकला! या तिघांत वेग वाढवून चटकन पुढे निघायची सोय फक्त कारवाल्याला आहे, कारण कारची मर्यादा 100 आहे. 'मी 100 ने चाललोय, मग बाजूला का होऊ?' असं विचारणारेही भेटतात. व्हा. मागच्याला वेगमर्यादा शिकवायचं काम तुमच्याकडे नाही.

घाटाची गोष्ट निराळी. तिथे जुना महामार्गही एक्सप्रेसवेला येऊन मिळतो, म्हणजे दोन रस्त्यांचा माल एकाच चढावर. 2018 मध्ये दहाचाकी गाडीचं परवानगी असलेलं एकूण वजन 25 टनांवरून 28.5 टन झालं. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांची इंजिनं मात्र तीच राहिली. लोड गाडी चढाला एकदा थांबली की पुन्हा उचलताना क्लचची वाट लागते, म्हणून ड्रायव्हर गती तुटू देत नाही. डाव्या लेनमध्ये एखादी गाडी तापून किंवा एक्सल तुटून उभी असते, मागे दगड आणि झाडाची फांदी लावलेली. ती दिसली की तो मधे येतो, मधे कारची रांग असली की उजवीकडे घुसतो. चूक आहे. ते मी घरीही सांगतो. पण बंद पडलेली गाडी क्रेनने लवकर हलवली तर चालानापेक्षा जास्त फरक पडेल असं मला वाटतं. (रिकामी गाडी घेऊन सपाटीवर उजवीकडे पळणाऱ्यांबद्दल मला काहीही सहानुभूती नाही. त्यांना खुशाल दंड करा.)

दंडाचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर ड्रायव्हिंगचे नियम मोडल्याबद्दल 500 ते 1,000 रुपयांची तरतूद आहे, आणि 2024 पासून एक्सप्रेसवेवर आयटीएमएसचे, म्हणजे वाहतुकीवर आपोआप नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचे, कॅमेरेही आहेत. लेन मोडणारा ट्रक कॅमेऱ्याला सहज ओळखता येतो. उजव्या लेनमध्ये ऐसपैस चाललेली कार मात्र एका फोटोत निर्दोष दिसते. ती वीस किलोमीटर तिथेच होती हे कळायला तिचा पुढेमागे माग काढावा लागेल, आणि माझ्या मते अवघड काम ते आहे.

तोवर तुमच्यापुरतं एक करा. पुढचा ट्रक मधल्या लेनमध्ये दुसऱ्याला मागे टाकत असेल तर त्याच्या डावीकडून घुसू नका. क्लीनर नसलेल्या गाडीत ड्रायव्हरला डाव्या बाजूला केबिनच्या खालचं जवळजवळ काहीच दिसत नाही, आणि ओव्हरटेक झालं की तो डावीकडेच येणार असतो. एकदा डिपर द्या आणि अडीच मिनिटं थांबा.